उन्हाळा आलाय, कुत्र्याला झिरो करू का?

मधुमालती:
नमस्कार मंडळी. आमचा बाजी गोल्डन रिट्रीव्हर, वय तीन वर्षं. उन्हं तापायला लागल्यापासून दिवसभर फरशीला पोट टेकवून धापा टाकत पडलेला असतो. घरात केस इतके, की काळे कपडे घालणं आम्ही सोडून दिलंय. ग्रूमिंगवाला म्हणतो, "झिरो मारून टाकू, म्हणजे मशीनने कातडीपर्यंत सगळे केस काढू, दोन महिने बघायला नको. उन्हाळ्यात सगळेच करतात." घरचं बहुमतही त्याच्याच बाजूने. "आपण नाही का उन्हाळ्यात स्वेटर काढून ठेवत?" हा त्यांचा युक्तिवाद. माझं मन मात्र होईना.
शिवाय कानांमागे आणि मागच्या मांड्यांच्या झुपक्यांत गाठी झाल्यात. कात्रीने कापू का? आणि नखं! नेलकटर दिसला की स्वारी पलंगाखाली. घरात कुणी ओढून काढायचं यावर चिठ्ठ्या टाकायची वेळ येते.
"डॉक्टरांना विचारा" हे उत्तर माहीत आहे, विचारणारच आहे. तरी रोज हे करणाऱ्यांचं मत हवंय.

बोकोबा:
मांजर पाळा. आपली आंघोळ आपणच करते.
(पळतो आता)

रानवारा:
आम्ही आमच्या लॅबला (लॅब्रेडॉर) दर उन्हाळ्यात मशीन मारतो. मजेत असतो. एवढा विचार करू नका, केसच आहेत, परत येतात.

कात्रीवाली:
मधुमालती ताई, थांबा जरा. मी हेच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.
कात्री हातात घेण्याआधी अंगावर केस कुठल्या प्रकारचा आहे ते बघायचं. गोल्डन, लॅब, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांच्या अंगावर दोन थर असतात. आत मऊ, दाट लोकर आणि वर लांब, राठ केस. हे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात, तिथे थांबतात, आणि मग गळतात. पूडल, शित्झू, माल्टीज यांचं उलटं. त्यांचे केस गळतात कमी आणि वाढत राहतात, त्यामुळे त्यांना दर महिना-दीड महिन्याने कापावंच लागतं. म्हणजे शित्झूला कापणं ही गरज आणि गोल्डनला झिरो करणं ही बहुतेक वेळा माणसांची सोय.
आता स्वेटर. आपण स्वेटर काढला की घाम वाळतो आणि अंग गार होतं. कुत्र्याला तसा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, बाकी सगळी मदार धापांवर. त्यामुळे केस उतरवले की त्याला आपल्यासारखं हलकं वाटेल हा हिशोबच चुकतो. वरचे राठ केस ऊन अंगाला थेट लागू देत नाहीत. ते गेले की खालची कातडी उघडी पडते, आणि ती भाजू शकते. फिकट कातडीच्या कुत्र्यांना तर जास्तच.
गरम होतं ते आत अडकलेल्या मेलेल्या लोकरीमुळे. ती विंचरून काढली की वरच्या केसांतून वारा खेळतो. बाजीला हे हवंय.
केस कमी गळतील म्हणून कुणी झिरो करत असेल तर तेही होत नाही. गळायचे तेवढेच गळतात, फक्त बारीक होऊन गळतात आणि सोफ्याच्या कापडात सुईसारखे रुततात. लांब केस निदान हाताने गोळा तरी होतात.

रानवारा:
पण आमच्या लॅबला काहीच झालं नाही की. दरवर्षी केस नीट येतात.

कात्रीवाली:
येतात, पुष्कळांना येतात. म्हणूनच लोक करत राहतात. पण काहींना आधी नुसती लोकर उगवते आणि वरचा केस मागाहून, ठिगळाठिगळाने येतो. मग अंग मळकट कापसासारखं दिसतं आणि गुंता दुप्पट. पॉमेरेनियन, हस्की, चाऊ चाऊ अशा जातींत मशीन मारलेल्या जागी महिनोन् महिने केसच न येण्याचा प्रकार होतो, कधी वर्षाच्या वर जातो. आपला कुत्रा कुठल्या गटात हे आधी कळत नाही. आणि तुमच्या लॅबचे केस मुळात आखूड, मशीन मारून त्याला नेमका फायदा काय झाला ते सांगा.
झिरो करायची वेळ कधीच येत नाही असं नाही. अंगभर कातडीपर्यंत जट बसली असेल, शस्त्रक्रिया असेल, त्वचेला औषध लावायचं असेल, तर बेशक करा. जट सोडवण्याच्या नावाखाली दोन दोन तास ओढाताण करण्यापेक्षा काढून टाकणं हीच माया. उन्हाळा हे मात्र कारण नाही.

मधुमालती:
बापरे, घरच्यांना हे मोठ्याने वाचून दाखवलं. बहुमत डळमळलंय :) मग थोडंही कापू नको का?

कात्रीवाली:
कापा ना. पोटाखालचे कमी करा, तो फरशीला टेकतो ती जागा गार लागेल. मागची शी-शूची जागा आखूड ठेवा. पंजांच्या गाद्यांमधून बाहेर आलेले केस गादीच्या पातळीत कापा, गुळगुळीत फरशीवर कुत्रे घसरतात ते याच केसांमुळे. मांड्यांची झालर थोडी हलकी करा. पाठीला मशीन लावू नका.

शेपटीवाला:
आमचं दुखणं दुसरं. शित्झू, दहा महिन्यांची, नाव चिंगी. आधी केस रेशमासारखे होते, हल्ली रोज ब्रश करूनही आठवड्याला जटा. आंघोळ घातली की अजूनच वाढतात. शाम्पू बदलून बदलून थकलो.

कात्रीवाली:
शेपटीवाला, शाम्पूला दोष देऊ नका. दहा महिने म्हणजे पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येण्याचा काळ. मऊ पिल्लाचे केस नव्या केसांत अडकून बसतात. हे काही महिने सगळ्यांनाच जड जातात. या काळात केस आखूड ठेवलेत तर दोघांचेही हाल वाचतील.
आंघोळीने जटा वाढतात कारण त्या आंघोळीच्या आधी सोडवल्या जात नाहीत. ओली जट वाळताना आवळते. म्हणून आधी विंचरणं, मग पाणी. हा क्रम सगळ्या लांब केसांच्या कुत्र्यांना लागू.
रोज ब्रश करूनही जटा होतात, कारण ब्रश वरवर फिरतो. वरून कुत्रा जाहिरातीतल्यासारखा दिसतो आणि आत कातडीजवळ नमद्यासारखा थर. तपासायला स्टीलचा कंगवा घ्या, एका बाजूला रुंद दाते, दुसऱ्या बाजूला बारीक. तो कातडीला टेकवून बाहेर ओढा. अडकला तर तिथे काम बाकी आहे.
विंचरायचं ओळीने. पायाच्या खालच्या टोकापासून सुरुवात. डाव्या हाताने वरचे केस उचलून धरा, कातडीची पांढरी रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेखालचे थोडेसेच केस स्लिकरने, म्हणजे बारीक तारांच्या ब्रशने, खाली विंचरा. मग हात बोटभर वर सरकवा, पुढची रेघ. असं वर वर जायचं. कंटाळवाणं आहे, पण एका दिवशी एक पाय केला तरी चालतं. स्लिकरच्या तारा आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. तुम्हाला ओरखडा उठतो तेवढा दाब तिलाही लागतोय.

मधुमालती:
आणि माझ्या कानामागच्या गाठी? म्हणजे बाजीच्या.

शेपटीवाला:
हा हा हा, तुमच्याही असतील!

कात्रीवाली:
:) कात्री नाही. हे ठळक अक्षरांत वाचा. गाठ ओढून धरली की खालची सैल कातडी तिच्यासोबत तंबूसारखी वर येते आणि केसांत दिसत नाही. कानामागची कातडी तर कागदासारखी पातळ. घरी कात्रीने झालेल्या जखमा घेऊन येणारे लोक दर हंगामात असतात, आणि कुत्र्याला पुढे कात्रीचा आवाजही नको होतो.
गाठीवर डिटँगलिंग स्प्रे किंवा थोडं पातळ कंडिशनर लावा, थोडा वेळ जाऊ द्या. गाठीच्या मुळाशी, कातडीलगत केस चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ताण तुमच्या बोटांवर येईल, कातडीवर नाही. मग गाठीच्या टोकाकडून बोटांनीच थोडे थोडे केस मोकळे करा. कंगवा शेवटी. गाठ घट्ट फेल्टसारखी झाली असेल आणि बोट आत शिरतच नसेल, तर मशीनने, दहा नंबरच्या ब्लेडने, कातडीला समांतर धरून काढायची. ब्लेड चालता चालता तापतं, मधूनमधून स्वतःच्या हाताला लावून बघायचं. हे जमत नसेल तर तेवढी गाठ आमच्यासारख्यांकडून काढून घ्या.
गाठी कुठे होतात बघा: कानामागे, पट्ट्याखाली, काखेत, मांडीच्या आत. जिथे घासतं तिथे. घरात असताना पट्टा काढून ठेवलात तर मानेचा प्रश्न निम्मा होतो.

गुरांचा डॉक्टर:
उशिरा आलो. कात्रीवाली ताईंनी बहुतेक लिहिलंय, केसांबाबत त्यांच्याशी पूर्ण सहमत. (नाव गुरांचा असलं तरी दवाखान्यात निम्मे कुत्रेच असतात.)
मी फक्त दुखण्याच्या बाजूने लिहितो. ऋतू बदलताना अंगभर सारखे केस गळणं हे दुखणं नाही. पण गोल चट्टा पडला, दोन्ही कुशींवर सारखीच टक्कल दिसायला लागली, शेपटी उंदरासारखी झाली, कुत्रा एकाच जागी चाटत राहिला, तर ग्रूमिंग बाजूला ठेवा आणि दाखवायला आणा. गोल चट्टा नायट्याचा असू शकतो आणि तो घरातल्या माणसांना लागतो. दोन्हीकडची टक्कल थायरॉइडसारख्या हार्मोनच्या गडबडीतून येते, तिथे शाम्पू काही करत नाही.
गोल्डनवाल्यांसाठी खास: आंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर आतली लोकर ओली राहिली की गालावर, मानेवर, कुल्ह्यावर एकाएकी ओला, लाल, चिकट चट्टा उठतो. सकाळी काही नव्हतं आणि संध्याकाळी तळहाताएवढा, असं लोक सांगत येतात आणि ते खरंच असतं. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. कुत्रा चाटून, खाजवून तो वाढवतो. घरचे मलम चोपडू नका, केसांखाली ते अजून कोंडतं. आसपासचे केस काढून जागा कोरडी करावी लागते, आणि मूळ कारण पिसू, कान की ॲलर्जी ते शोधावं लागतं.
म्हणून आंघोळीपेक्षा वाळवणं महत्त्वाचं. टॉवेलने चोळू नका, दाबून पाणी टिपा.

रानवारा:
आंघोळ किती दिवसांनी घालायची मग? आमच्याकडे दर रविवारी असते. शाम्पू आमचाच.

गुरांचा डॉक्टर:
सरसकट आकडा नाही. चिखलात लोळणारा आणि गादीवर झोपणारा यांचं गणित वेगळं. निरोगी लॅबला दर रविवार जास्त होतो. माणसांचा शाम्पू बंद करा, लहान बाळांचासुद्धा. आपली त्वचा आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्याहून उदासीनतेकडे झुकणारी आणि पातळही. आपल्या शाम्पूने ती कोरडी पडते, मग खाज, मग वास, मग लोक अजून आंघोळ घालतात.
औषधी शाम्पू दिला असेल, उदाहरणार्थ क्लोरहेक्सिडिनचा, तर फेस करून लगेच धुऊ नका. साधारण १० मिनिटं अंगावर राहिला पाहिजे. निम्म्या लोकांचं औषध "लागू पडत नाही" ते याच कारणाने.

अवखळ आजी:
मी नखांवर लिहिते, कारण केसांवर लिहायला कुणी काही शिल्लकच ठेवलं नाही.
मधुमालती, बाळा, पलंगाखालून ओढून काढणं आधी थांबव. नेलकटर म्हणजे ओढाताण एवढंच तो शिकलाय. चिराग पटेल म्हणून ब्रिटनमधले प्रशिक्षक आहेत, त्यांचा 'बकेट गेम' आहे. एका छोट्या डब्यात खाऊ ठेवायचा, डबा त्याला दिसेल असा. तो डब्याकडे बघतोय तोवर तू पंजाला हात लावायचा आणि मधूनमधून खाऊ द्यायचा. त्याने नजर काढली, तोंड फिरवलं की तू हात मागे घ्यायचा. रागवायचं नाही, परत बोलवायचं नाही. थांबवणं आपल्या हातात आहे हे त्याला कळलं की तो आपणहून थांबायला लागतो. सुरुवातीला नुसता हात, मग नेलकटर जवळ, मग नेलकटरचा खट आवाज हवेत, मग एक नख. एकच, आणि त्या दिवसाचं काम संपलं.
जीभ ओठांवरून फिरवणं, जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ताठ होणं, ही सगळी "नको" म्हणायची भाषा आहे. गुरगुरणं त्याच्या पुढची पायरी. गुरगुरल्याबद्दल मारलंस तर तो गुरगुरणं सोडेल आणि थेट चावेल.

मधुमालती:
आजी, हे फार पटलं. पण बाजीची नखं काळी आहेत. जिव्हाळी कुठे संपते ते दिसतच नाही.

अवखळ आजी:
एकदम कापायचंच नाही. कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ कापायचं आणि प्रत्येक वेळी कापलेला भाग समोरून बघायचा. आधी कोरडा, पांढुरका, भुसभुशीत दिसतो. थोडं पुढे गेलीस की मधोमध एक करडा किंवा काळा, किंचित ओलसर ठिपका दिसायला लागतो. तिथे थांब. त्या ठिपक्यामागेच जिव्हाळी.
रक्त आलंच तर घाबरायचं नाही, स्टिप्टिक पावडर दाबून धर. नसेल तर कॉर्नफ्लोरही चालतं. काही मिनिटांत थांबतं.
नखं फार वाढली असतील तर जिव्हाळीही नखासोबत पुढे आलेली असते. मग आठवड्याला थोडं थोडं घेत राहिलं की ती मागे सरते. फरशीवर टकटक वाजायला लागली म्हणजे वेळ झाली. आणि पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, वर असतं ते अंगठ्याचं नख विसरू नकोस. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, गोल वळून मांसात घुसतं. लांब केसांच्या कुत्र्यात ते लंगडेपर्यंत कुणाला दिसत नाही.

शेपटीवाला:
चिंगीच्या कानात केस आहेत. ते उपटायचे असतात ना? आमचा ग्रूमर दर वेळी उपटतो.

कात्रीवाली:
मी उपटते, पण कानाला त्रास असेल तर. केसांच्या बुचामुळे मळ आणि दमटपणा आत राहतो.

गुरांचा डॉक्टर:
इथे माझा थोडा मतभेद. कान स्वच्छ असेल, वास नसेल, तर केस राहू द्यावेत. उपटल्याने आतली त्वचा सुजते आणि नसलेलं दुखणं सुरू होतं. वारंवार कान बिघडत असेल तर ताई म्हणतात ते बरोबर, पण तेव्हाही आधी आत बघून.
कापसाची काडी कुणीही घालू नका. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते आणि मग काटकोनात आत वळते. काडीने मळ त्या वळणावर जाऊन बसतो. कानाचं द्रावण सोडायचं, कानाच्या बुडाशी बाहेरून चोळायचं, पचपच आवाज आला पाहिजे. मग त्याला डोकं झटकू द्यायचं (लांब उभे राहा) आणि बाहेर आलेला मळ कापसाने पुसायचा. तपकिरी मळ, आंबट वास, डोकं सारखं तिरकं धरणं किंवा झटकणं असेल तर द्रावणही नको, आधी दाखवा. झटकून झटकून कानाच्या पाळीत रक्त साठलेले कुत्रे येतात, ते सगळं टळण्यासारखं असतं.

बोकोबा:
आता विनोद बाजूला. घरात कुत्रा आणि मांजर दोन्ही असतील त्यांनी पिसवा-गोचिडांचे कुत्र्याचे थेंब मांजराला कधीही लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे. कुत्र्याला लावल्यावरही मांजर त्याला चाटणार नाही, त्याच्या अंगावर झोपणार नाही असं बघा.

गुरांचा डॉक्टर:
बोकोबांना शंभर टक्के अनुमोदन.
गोचिडांचा विषय निघालाच आहे तर: विंचरताना बोटांना बारीक दाण्यासारखं लागलं की केस बाजूला करून बघा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली जरूर बघा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, रॉकेल, काडी लावून भाजणं, काही नको. घरात दिसते ती तपकिरी गोचीड कुत्र्यावरून उतरून भिंतींच्या फटींत अंडी घालते, हजारोंनी. त्यामुळे नुसता कुत्रा धुऊन ती जात नाही, झोपायची जागा आणि फटीही साफ कराव्या लागतात. गोचिडांमधून एर्लिकिया, बबेसिया हे रक्ताचे ताप येतात. कुत्रा मलूल, हिरड्या फिकट, नाकातून रक्त, असं काही असेल तर उद्यावर ढकलू नका.
गोचिडांवर तोंडाने द्यायच्या गोळ्या चांगल्या आहेत, मीही देतो. पण कुत्र्याला कधी झटके आले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, या गोळ्यांतल्या आयसोक्झॅझोलिन नावाच्या औषधगटाबद्दल तशी सूचना काढली होती.
आणि टी ट्री ऑइल "नैसर्गिक आहे" म्हणून चोळू नका. कुत्र्यांना त्याची विषबाधा होते.

मधुमालती:
ताजी बातमी. ग्रूमिंगवाल्याला झिरो नको म्हणून सांगितलं, पोट आणि पंजे तेवढे करून घेतले. आतली लोकर घरी काढतेय. पाठीवरून कंगवा फिरवला की राखाडी ढग निघतो, एका बैठकीत पिशवीभर. घरच्यांचं म्हणणं, अजून एक कुत्रा तयार होईल.
एक कानामागची गाठ बोटांनी सुटली, दुसरी फेल्टसारखी आहे, ती ताईंच्या सल्ल्याने मशीनने काढून घेणार. नखांचं अजून डब्याकडे बघण्यापर्यंतच आलंय. पण पलंगाखाली गेला नाही!

गुरांचा डॉक्टर:
छान. फक्त धापांकडे लक्ष ठेवा. केस कितीही नीट असले तरी भर उन्हात फिरवणं नको. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट, हिरड्या गडद लाल, चालताना झोकांड्या, असं दिसलं तर तो उष्माघात समजा. साध्या पाण्याने भिजवत, पंखा लावून, लगेच दवाखाना.

रानवारा:
बरं, मशीन बंद. रविवारची आंघोळही बंद. आता केस वाळवायला ब्लोअर घ्यावा म्हणतो. आपला हेअर ड्रायर चालेल का? लॅब आवाजाला घाबरतो.

कात्रीवाली:
आपल्या ड्रायरची गरम हवा नको, गार हवेचं बटण असेल तर चालेल. कुत्र्यांचा ब्लोअर वाऱ्याच्या जोराने पाणी उडवतो, उष्णतेने नाही, म्हणून तो बरा. घाबरतो तर आधी दुसऱ्या खोलीत चालू ठेवून इकडे खाऊ द्या. मग त्याच खोलीत, कमी वेगावर, मागच्या पायांपासून. तोंडावर आणि कानांत कधीच नाही, चेहरा टॉवेलनेच. पग, शित्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना ब्लोअरसमोर एकटं सोडायचं नाही, त्यांना श्वास लवकर कमी पडतो. आणि लॅबचे केस आखूड आहेत हो, जाड टॉवेल आणि पंखा यात तुमचं काम भागेल. ब्लोअर घ्यायचाच असेल तर तो मधुमालती ताईंनी घ्यावा.